आमच्या घरचा औषधांचा डबा

ज्या घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, त्या घरांत दोन डबे असे असतात कीं, ते एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणें म्हणजे एक प्रकारचें राज्यारोहणच होय. पहिला मिसळणाचा आणि दुसरा औषधांचा. सांगलीच्या आमच्या घरीं मिसळणाचा डबा मजकडे लग्नानंतर दुसऱ्याच वर्षीं आला. औषधांचा यावयास मात्र सतरा वर्षें लागलीं. तो सासूबाईंच्या ताब्यांत असतांना त्यांत वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, सागरगोटा, सुंठ असा संसार होता, व कोपऱ्यांत तापाची एखादी गोळी पाहुण्यासारखी अंग चोरून पडलेली असे. माझ्या कारकीर्दींत पाहुण्यांनीं घर बळकावलें आणि वेखंड कोपऱ्यांत गेलें.

डोकें चढलें, कंबर धरली, अंग कसकसलें कीं माडीवरून अगर माजघरांतून हांक येई, "वहिनी, एक गोळी द्या हो," आणि ओव्याची चिमूट द्यावी तितक्याच सहजपणें मी ती देई. त्या देण्यांत थोडी ऐटहि असे, हें कबूल केलें पाहिजे. घरांतलीं तेरा माणसें दुखण्याच्या वेळीं आपल्या तोंडाकडे पाहतात, हा मान लहान नव्हे. मात्र त्या गोळींत आहे तरी काय, असें कोणी विचारलें असतें, तर "तापाची", "अंगदुखीची", "सर्दीची" याहून नेमकें उत्तर मजजवळ नव्हतें.

आतां जी हकीकत सांगावयाची ती 2017 सालच्या आषाढांतली.

माझे धाकटे दीर त्या वेळीं शेहेचाळीस वर्षांचे होते. हुशार, गोड बोलणारे, मुलांत मूल होणारे. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीं त्यांची अक्कलदाढ ठणकूं लागली. दांत उपटून घेण्याची धास्ती त्यांना लहानपणापासूनची. तेव्हां "एकादशी होऊं द्या, मग पाहूं" असें म्हणून त्यांनीं दंतवैद्याकडे जाणें लांबविलें, आणि दर सहा तासांनीं मजकडून एक गोळी नेऊं लागले. चावतां येईना म्हणून जेवण सुटलें. एकादशीला तर उपासच. साबुदाण्याचे दोन घांस कसेबसे गेले. द्वादशीला सर्वांनीं पुरणपोळीनें उपास सोडला, यांनीं वरणाचें पाणी घेतलें. चौथ्या दिवशीं सकाळीं मळमळून वांत्या झाल्या. उपासानें पित्त खवळलें असा निकाल आम्हीं घरच्या घरीं दिला, व सासूबाईंनीं आमसुलाचें सार केलें. पांचव्या दिवशीं त्यांना जरा बरें वाटलें आणि मी निश्चिंत झालें. त्या बरें वाटण्याचा अर्थ मला पुढें कळला. सहाव्या दिवशीं पहाटे जाऊबाई जिना उतरून आल्या त्या रडतच. भाऊजींचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि स्वतःच्या मुलाचें नांव घेतांना ते अडखळत होते.

त्यांना मिरजेस नेलें. तेथील डॉक्टरांनीं तपासतां तपासतां सर्वांदेखत सरळ प्रश्न केला, "हे दारू घेतात काय?"

मामंजी जवळच उभे होते. उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलेला तो पुरुष. त्यांच्या तोंडून शब्दच उमटला नाहीं. माझे यजमान किंचित् रागानेंच म्हणाले, "डॉक्टर, चातुर्मासांत आमच्या घरांत कांदासुद्धां येत नाहीं." ते खोटें बोलत नव्हते. त्यांना खरोखरीच ठाऊक नव्हतें.

मला ठाऊक होतें.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीची झाडलोट करतांना माडीवरील कपाटांत जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागें एक चपटी बाटली माझ्या हातीं लागली होती. ती होती तशी ठेवून मीं कपाट लावून घेतलें. झांकली मूठ सव्वा लाखाची, हें आपल्या कुलीनपणाचें पहिलें सूत्र, आणि मीं तें इतक्या कसोशीनें पाळलें कीं, यजमानांजवळहि कधीं अवाक्षर काढलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्या चार दिवसांत दर सहा तासांनीं गोळी काढून देतांना त्या बाटलीची मला आठवणहि झाली नाहीं. बाटली एका कपाटांत, गोळी दुसऱ्या डब्यांत. दोहोंचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें मनांत आलें नाहीं. लाज ही गोष्ट अशी आहे कीं, जें लपवावयाचें तें ती प्रथम लपविणाऱ्यापासूनच लपविते.

डॉक्टर खोलीबाहेर पडले, तशी मी त्यांच्या मागोमाग गेलें आणि म्हणालें, "घेतात. रोज रात्रीं. किती, तें मला सांगतां यावयाचें नाहीं."

माझ्या पाठीमागून आवाज आला, "रोज एक क्वार्टर."

जाऊबाई होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलों. दोन वर्षें आम्ही एकमेकींपासून एकच गोष्ट लपवीत होतों.

डॉक्टरांनीं त्यावर एकहि शब्द बोलून वेळ दवडला नाहीं. त्यांनीं लागलीच दुसरा प्रश्न केला, "दाढेसाठीं काय काय घेतलें? गोळ्यांचीं नांवें आठवूं नका. घरांतला डबाच आणा." माझा मुलगा स्कूटरवरून सांगलीस जाऊन डबा घेऊन आला, आणि चातुर्य व वात्सल्य यांचें प्रतीक म्हणून मी ज्याकडे पाहत असें, तो माझा डबा त्या टेबलावर उपडा झाला. रिकाम्या पट्ट्या, जाऊबाईंनीं उशाखालून काढलेल्या दुसऱ्या पट्ट्या, भाऊजींच्या सदऱ्याच्या खिशांतल्या तिसऱ्या. हिशेब असा निघाला. मी देत होतें ती गोळी 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची, दिवसांतून चार. ठणका राहीना म्हणून भाऊजींनीं कोपऱ्यावरील दुकानांतून चिठ्ठीशिवाय आणलेली दुसरी गोळी दिवसांतून तीन. तींत आयबुप्रोफेन तर होतेंच, शिवाय 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आणि पावसाळी सर्दी झाली होती म्हणून जाऊबाई सकाळ-संध्याकाळ देत होत्या त्या सर्दीच्या गोळींत प्रत्येकीं 500. एका दिवसाची बेरीज 4575 मिलिग्रॅम. "बाई," डॉक्टर म्हणाले, "औषध एकच, अंगरखे तीन." तिघांनीं तीन बाजूंनीं, तिघांनींहि मायेनें किंवा वेदनेनें, एकाच माणसाला एकच औषध मर्यादेबाहेर चारलें होतें, आणि तें अशा माणसाला कीं, ज्याच्या पोटांत चार दिवस अन्न नव्हतें पण रोज रात्रीं मद्य होतें.

या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, तें डॉक्टरांनीं मला पुढें शांतपणें समजावून सांगितलें, व नंतर मीहि शोधून वाचलें. पॅरासिटामॉल शरीरांत गेलें कीं त्याचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे घालवितें. थोडासा भाग मात्र एका विकराच्या तावडींत सांपडून त्याचें विष बनतें. हें विष धुऊन काढावयास यकृतापाशीं ग्लुटाथायोन नांवाचा पदार्थ असतो. आमच्या लहानपणीं भांडीं घांसावयास चुलींतली राख असे. तशीच ही यकृताची राख समजावी. नित्य मद्य घेणाऱ्याच्या यकृतांत विष बनविणारें तें विकर वाढलेलें असतें आणि राख कमी झालेली असते. त्यांत माणूस उपाशी असला, तर ज्या घरांत चूलच पेटली नाहीं तेथें राख यावी कोठून? मग विष यकृताच्या पेशींनाच चिकटतें व त्या मरूं लागतात.

यांतहि एक खोंच अशी आहे कीं, ती कळल्यावर मी थक्क झालें. मद्य अंगांत भिनलेलें असतें त्या वेळीं तें विकर मद्याच्याच पाठीमागें गुंतलेलें असतें. रात्रीचें मद्य उतरलें कीं तें मोकळें होतें, आणि वाढीव बळानें मोकळें होतें. नेमक्या त्याच वेळीं, म्हणजे सकाळीं, डोकें धरून बसलेला मनुष्य गोळी मागतो. "रात्रीं घेतली होती, आतां उतरली, आतां गोळीला काय हरकत?" हा जो साधा तर्क, तो नित्य पिणाऱ्याच्या बाबतींत उलटाच ठरतो.

आणि तें पांचव्या दिवशींचें बरें वाटणें! यकृत जळत असतां प्रथम मळमळ व वांत्या होतात, मग एखादा दिवस रोग्याला हुशारी वाटते, आणि त्यानंतर कावीळ, भ्रम, रक्त न गोठणें हीं लक्षणें पुढें येतात. आमसुलाच्या साराला ज्या गुणाचें श्रेय आम्हीं दिलें, तो रोगाचाच एक डाव होता. ग्लुटाथायोनची भर करणारें असिटाइलसिस्टीन नांवाचें औषध 1970 च्या दशकापासून उपयोगांत आहे. एकदम अति मात्रा घेतली गेली असतां तें पहिल्या आठ तासांच्या आंत मिळालें तर यकृत बहुधा वांचतें. पुढें दिलें तरी उपयोग होतो, पण खात्री कमी होत जाते. आम्ही दिवसांच्या हिशेबानें उशीर केला होता. तरी त्या सलाइनमधून तें औषध तीन दिवस चाललें. रक्तांतील जो आंकडा चाळिसाच्या आसपास असावयाचा, तो सहा हजारांवर गेला होता. चौथ्या दिवशीं तो उतरूं लागला. तोपर्यंत सासूबाईंनीं पाण्याखेरीज कांहीं घेतलें नव्हतें.

हें ज्ञान नवें नव्हे, याचेंच मला अधिक वाईट वाटलें. पॅरासिटामॉलच्या अति मात्रेनें यकृत नासतें, हें ब्रिटनमधील डॉक्टरांनीं 1966 सालींच प्रसिद्ध केलें होतें. अमेरिकेंत या औषधाला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. तेथें 1993 सालीं एका गृहस्थानें तापासाठीं कांहीं दिवस हें औषध घेतलें. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरींत काम केलेला तो मनुष्य. रात्रींच्या जेवणाबरोबर वाइन घेण्याचा त्याचा परिपाठ. तो बेशुद्ध झाला व दुसऱ्याचें यकृत बसवून त्याला वांचवावें लागलें. वेष्टणावर मद्याबद्दल सूचना नव्हती म्हणून त्यानें दावा केला, आणि 1994 सालीं ज्यूरीनें त्याला ऐंशी लाखांहून अधिक डॉलर देवविले. 1998 सालीं तेथील सरकारनें नियमच केला कीं, जो रोज तीन किंवा अधिक पेले घेतो त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून ही गोळी घेऊं नये, असें चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामकांच्या वेष्टणावर छापावें. परंतु सूचना वाचणार कोण? वेष्टण दुकानांत राहतें, पट्टी कातरीनें कापून मिळते, आणि ज्या घरांत "रोज तीन पेले" घेणारा कोणी नाहींच असें ठरलेलें आहे, तेथें ती सूचना कोणाला उद्देशून आहे असें वाटावें?

भय विनाकारण वाढवावें असा माझा हेतु नाहीं. निरोगी, वेळेवर जेवणाऱ्या प्रौढ माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही वरची मर्यादा सांगतात. कधींमधीं एखादा पेला घेतलेल्या अशा माणसानें दुसऱ्या दिवशीं एक-दोन गोळ्या घेतल्या तर आकाश कोसळत नाहीं. नित्य पिणाऱ्याला मात्र पुष्कळ डॉक्टर 2 ग्रॅमच्या पुढें जाऊं देत नाहींत. "मग पॅरासिटामॉल नकोच, दुसरें देतें," असें म्हणणेंहि सुरक्षित नव्हे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीं पोटाच्या अस्तराला दुबळें करतात, आणि मद्यहि तेंच करतें. दोन्हीं मिळून पोटांत रक्तस्राव होतो, आणि कित्येकदां शौचास डांबरासारखें काळें होईपर्यंत तो कळतहि नाहीं. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइनसारखीं औषधें झोंप आणतात. मद्याबरोबर ती झोंप किती खोल जाईल हें सांगतां येत नाहीं, आणि तसा मनुष्य मोटार हांकूं लागला तर प्रश्नच मिटला.

आतां ज्या भगिनी "आमच्याकडे असलें कांहीं नाहीं" असें म्हणून हें पान उलटणार असतील, त्यांना क्षणभर थांबविलें पाहिजे. माझ्या माहेरीं आजोबांच्या कपाटांत ब्रँडीची बाटली असे. तिला कोणी दारू म्हणत नसे. ती "औषधाची" होती. छातींत कफ झाला कीं चमचाभर कोमट पाण्यांतून, आणि वर तापाची गोळी. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा 1949 चा. त्याखालीं मिळणाऱ्या परवान्यावरहि मद्य घ्यावयाचें तें आरोग्यरक्षणासाठीं, असाच शब्दप्रयोग असतो. आणि आसवें-अरिष्टें? द्राक्षासव, अशोकारिष्ट यांच्या बाटलीवर, त्यांत आपोआप उत्पन्न झालेलें मद्यार्क शेंकडा किती तें छापलेलें असतें. दोन-चार चमच्यांच्या मात्रेनें कोणाचें यकृत बिघडत नाहीं, हें खरें. पण जे बाटलीनें "टॉनिक" घेतात असेहि सोवळे गृहस्थ मला ठाऊक आहेत. तात्पर्य, मद्य आपल्या घरांत नसतें असें नव्हे. त्याला त्याच्या नांवानें हांक मारण्याची आपल्याला संवय नसते.

भाऊजी बावीस दिवसांनीं घरीं आले. यकृतासारखें क्षमाशील इंद्रिय दुसरें नसावें. तें पुन्हां भरून आलें. दाढ मिरजेसच काढली. मामंजींनीं त्यांना इतकेंच विचारलें, "किती वर्षें?" भाऊजींनीं मान खालीं घालून "नऊ" असें सांगितलें, आणि मामंजी उठून देवघरांत गेले. पुन्हां तो विषय त्यांनीं काढला नाहीं; चार वर्षांनीं ते गेले तोंवर नाहीं. याचा मला त्या वेळीं राग आला होता. आतां येत नाहीं.

सासूबाईंची गोष्ट निराळी. एके दुपारीं निवडटिपण करीत बसलों असतां मीं मनाचा हिय्या करून त्यांना बाटलीची हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. त्यांनीं सुपावरून डोळे काढले नाहींत. "मला ठाऊक होतें," त्या म्हणाल्या. "लवंगा चघळत घरांत येई तो. तुम्हां दोघींना कळूं नये म्हणून मीं ओरडून लवंगांचा डबाच कुलपांत ठेवला होता." म्हणजे एका घरांतल्या तीन बायका, आणि तिघींनीं एकच मूठ तीन बाजूंनीं दाबून धरली होती.

भाऊजींची दारू एकदम सुटली नाहीं. मध्यें एकदां चार महिने पुन्हां धरली होती. पण त्या वेळीं ते मजकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, सध्यां माझ्या हातीं गोळी देऊं नका. घेतों आहें." असें वाक्य उच्चारावयास माणसाला काय पडतें, याची कल्पना ज्यांच्या घरीं तो प्रसंग आला आहे त्यांनाच येईल. मीं त्यांना कोमट पाण्यानें भरलेली रबराची पिशवी दिली, आणि जाऊबाईंबरोबर दुसऱ्या दिवशीं ते डॉक्टरांकडे गेले.

डबा अद्यापि माझ्याकडेच आहे. मीं तो परत करूं गेलें होतें, सासूबाईंनीं घेतला नाहीं. आतां त्यांत पट्ट्या कापून ठेवीत नाहीं; नांव व आंकडा दिसेल अशा अख्ख्या ठेवतें. झांकणाच्या आंतून एक वही दोऱ्यानें बांधली आहे. कोणी, केव्हां, कोणती गोळी नेली, तें नेणाऱ्यानेंच लिहावयाचें. गोळी मागणाऱ्याला मी दोन प्रश्न विचारतें. पहिला, "आणखी कोठून काय घेतलेंत?" दुसरा विचारतांना पहिलीं एक-दोन वर्षें माझा आवाज खालीं जाई.

गेल्या दिवाळींत भाऊजींचा मुलगा पुण्याहून आला होता. हिंजवडीस नोकरी, मित्रांकडे रात्र काढून सकाळीं उजाडतां घरीं आला, आणि डोकें धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभा राहिला. सासूबाई पाटावर बसून चकल्या मोजीत होत्या. मीं डब्याकडे हात नेला तोंच तो म्हणाला, "काकू, थांबा. काल रात्रीं घेतली आहे मीं. तीन झाले. जेवलोंहि नाहीं नीट."

मीं सासूबाईंकडे पाहिलें. त्यांचा चकल्यांचा आंकडा चुकला असावा, कारण त्यांनीं पहिल्यापासून मोजावयास सुरुवात केली. मग मान वर न करतांच म्हणाल्या, "त्याला आधीं पाणी दे भांडंभर. आणि तूप-मीठ घालून मऊ भात टाक. डब्याचें मागाहून बघूं."